निहालीतला पक्षी कोण लिहून घेणार?

अंदमानची प्रवासी बोट खिदिरपूरच्या गोदीतून सुटते, हे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना कळल्यापासून आमच्या घराला धर्मशाळेची कळा आली आहे. "विमानानं काय, कुणीही जातं. आम्हाला बोटीनंच जायचंय," असं म्हणत मंडळी हावड्याला उतरतात, मनसातल्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक रात्र काढतात, बायकोच्या हातचं सरसूंतलं मासळीचं कालवण खाऊन नाक पुसतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बॅगा गोदीच्या फाटकापर्यंत मी पोचवतो. भरतीची वेळ साधून बोट बाहेर पडते आणि हुगळीतून रमतगमत समुद्राला लागते. पुढे तीन-चार दिवस पाणीच पाणी. त्यातला पहिला दिवस कौतुकाचा, दुसरा ओकाऱ्यांचा.

यातल्या प्रत्येकाच्या यादीत पहिलं नाव सेल्युलर जेलचं असतं. असायलाच हवं. सावरकरांना १९११ साली मद्रासहून 'महाराजा' बोटीनं तिथं नेलं, ही गोष्ट आमच्या पिढीनं शाळेत पाठ केलेली आहे. पण परत आलेल्या पाहुण्यांना मी हमखास विचारतो, की त्या बेटांवरची मूळ माणसं कोण, त्यांची भाषा कोणती? उत्तर ठरलेलं असतं: "ते जारवा ना? त्यांचे फोटो काढायला बंदी आहे म्हणे." विषय संपतो आणि शिंपल्यांच्या माळा बाहेर येतात.

मी बोटीवरचा इंजिनरूमचा माणूस. नोकरीची बरीच वर्षं याच मार्गावर डेकच्या खाली, डिझेलच्या वासात गेली. निवृत्तीनंतर घराजवळच्या अलिपूरला, बेल्व्हेडिअरमधल्या राष्ट्रीय ग्रंथालयात जायची सवय लागली. ज्या बेटांवर आयुष्यभर माणसं नेऊन सोडली, त्यांच्याबद्दल तिथं वाचायला लागलो. भाषाशास्त्र माझा विषय नाही. तरीही एक मागणी करायला हा लेख लिहितो आहे आणि ती मागणी अंदमानबद्दल नसून बुलडाणा जिल्ह्याबद्दल आहे.

आधी अंदमान. १८५७च्या उठावानंतर, ४ मार्च १८५८ रोजी 'सेमिरामिस' ही बोट दोनशे कैदी घेऊन कलकत्त्याहून निघाली आणि १० मार्चला पोर्ट ब्लेअरला लागली. खिदिरपूरची गोदी नंतरची, १८९२ची. पण या नदीनं त्या बेटांवर काय नेलं याचा हिशेब तेव्हापासून सुरू होतो. त्या वेळी ग्रेट अंदमानवर दहा टोळ्या होत्या, दहा भाषा होत्या, काही हजार माणसं होती. जारवा, ओंगे आणि सेंटिनेली हे वेगळे. मी म्हणतो ते ग्रेट अंदमानी. १८५९च्या मे महिन्यात त्यांनी धनुष्यबाण घेऊन अबर्डीनला इंग्रजांवर चाल केली. पळून त्यांच्यात राहिलेल्या दूधनाथ तिवारी नावाच्या कैद्यानं आधीच खबर दिली होती, त्यामुळे ते बंदुकांच्या तोंडी सापडले. त्यांना माणसाळवण्यासाठी 'अंदमान होम' नावाची घरं काढली गेली. त्या घरांतून उपदंश पसरला, १८७७ साली गोवर आला. १९०१च्या शिरगणतीत ६२५ माणसं उरली आणि १९६१ साली १९. एकोणीस हजार नव्हे, एकोणीस. सरकारनं १९७०च्या सुमारास त्यांना स्ट्रेट आयलंड या छोट्या बेटावर नेऊन ठेवलं.

माणसं मरत असताना नोंदी मात्र होत होत्या, तेही बऱ्याच निगुतीनं. पोर्टमन नावाच्या अधिकाऱ्याचा दोन खंडी इतिहास १८९९ साली कलकत्त्यातच छापला गेला. मॅन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं आका-बेआ भाषेचा कोश केला. तो आधी 'इंडियन अँटिक्वेरी'तून हप्त्यांनी आला आणि १९२३ साली मुंबईत पुस्तकरूपानं निघाला. पुस्तक निघालं तेव्हा ती भाषा बोलणारे जवळपास संपले होते. कोश आहे, बोलणारा नाही. मुंबईच्या छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याला याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

या सगळ्यात माझं मन गुंतलं ते रॅडक्लिफ-ब्राऊनच्या पुस्तकात. हा इंग्रज तरुण १९०६ ते १९०८ या काळात तिथं राहिला आणि १९२२ साली त्यानं 'द अंदमान आयलंडर्स' लिहिलं. त्यात एक साधी नोंद आहे: ही माणसं वर्षाचे भाग फुलांच्या नावांनी ओळखत. जंगलात एकामागून एक झाडं आणि वेली फुलतात, प्रत्येकीचा वास वेगळा, मधाची चवही त्याप्रमाणे बदलते. कोणता वास दरवळतो आहे यावरून आता वर्षाचा कोणता काळ चालू आहे हे कळे. म्हणजे यांचं कॅलेंडर नाकात होतं. मी कोकणातला, दाभोळचा. मोहराच्या वासानं महिना ओळखणारी आजी मी पाहिली आहे. पण सबंध वर्ष वासानं बांधलेलं असावं, याची कल्पनाही केली नव्हती.

तिथंच बिलिकूची गोष्ट आहे. बिलिकू म्हणजे ईशान्येच्या वाऱ्याशी, वादळांशी जोडलेली शक्ती. तिला तीन गोष्टींनी राग येतो: मधमाश्यांचं मेण जाळलं किंवा वितळवलं तर, रातकिड्याच्या जातीचा तो कर्कश किडा मारला किंवा सकाळ-संध्याकाळ तो गात असताना गोंगाट केला तर, आणि काही ठरावीक कंदमुळं व फळं अवेळी खाल्ली तर. बिलिकू रागावली की वादळ. रॅडक्लिफ-ब्राऊननं याचा अर्थ समाजाच्या रचनेत शोधला. तो विद्वान, त्याचं त्याला लखलाभ. मला त्यात वेळापत्रक दिसतं: कोणता कंद कधी काढायचा, मध कधी गोळा करायचा, हवेकडे कधी कान द्यायचा. अशी माहिती कोशातल्या एकेका शब्दापुढे बसत नाही. ती त्या किड्याच्या आवाजात, त्या दिवसांत, त्या जंगलात उभं राहून सांगितली तरच कळते.

अन्विता अब्बी या भाषाशास्त्रज्ञ २००५ पासून या माणसांमध्ये गेल्या तेव्हा दहा भाषांपैकी उरलं होतं ते चार उत्तरेकडच्या भाषांचं मिश्रण, तेही मोजक्या म्हाताऱ्यांच्या तोंडी. नाओ ज्युनिअर नावाच्या माणसाला गोष्टी येत होत्या, पण वर्षानुवर्षं कुणी ऐकायला नसल्यानं त्या त्याच्या आठवणीतून खरवडून काढाव्या लागल्या. बोआ सीनिअर ही म्हातारी 'बो' भाषेची शेवटची जाणकार. २००४च्या त्सुनामीतून ती वाचली. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कुणीच उरलं नव्हतं, म्हणून ती पक्ष्यांशी बोलायची. बातम्यांत हे वेडसर एकटेपण म्हणून रंगवलं गेलं. पण त्यांच्या लेखी पक्षी म्हणजे पूर्वज. अब्बींनी नोंदवलेल्या एका कथेत मोठ्या माशानं माणूस गिळल्यापासून सुरू झालेला प्रकार माणसांचे पक्षी होण्यापर्यंत जातो. म्हातारी आपल्या घरच्यांशी बोलत होती. २६ जानेवारी २०१० रोजी, आपल्या प्रजासत्ताक दिनी, ती गेली. 'सारे' भाषेची शेवटची जाणकार लिचो एप्रिल २०२०मध्ये गेली. आज त्या कुळातली पन्नासेक माणसं आहेत आणि ती अंदमानी हिंदी बोलतात.

या कामातलं एक पुस्तक मराठी वाचकाला माहीत असायला हवं, कारण त्याचा अर्धा कर्ता पुण्याचा आहे. ग्रेट अंदमानींच्या पक्ष्यांवरचं हे पुस्तक २०११ साली आलं. लेखक दोन: अन्विता अब्बी आणि डॉ. सतीश पांडे. पांडे व्यवसायानं रेडिओलॉजिस्ट, छंदानं म्हणा की ध्यासानं पक्षितज्ज्ञ, इला फाउंडेशनचे. अशा कामाची वाटणी सरळ असते. पक्षी नेमका कोणता हे पक्षितज्ज्ञानं ठरवायचं, नाव आणि त्यामागची समजूत भाषा बोलणाऱ्यानं सांगायची, उच्चार आणि व्याकरण भाषाशास्त्रज्ञानं टिपायचं. तिघांपैकी एक नसला की काय होतं हे जुन्या कोशांत दिसतं. शब्दापुढे अर्थ दिलेला असतो, "एक प्रकारचा पक्षी". एक प्रकारचा मासा, एक प्रकारची वेल. पंडितानं शब्द जपला आणि पक्षी उडून गेला.

माझी खरी चिडचीड कोलकात्याबद्दल आहे. प्राणिसर्वेक्षणाचं मुख्यालय न्यू अलिपूरला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. वनस्पतिसर्वेक्षण याच शहरात, आणि त्याचं वाळवलेल्या वनस्पतींचं भांडार नदीपलीकडे शिबपूरच्या बागेत. मानवशास्त्रीय सर्वेक्षणही इथलंच. अंदमानचं दार आमच्या गोदीत. एवढं सगळं एका शहरात असताना पक्षी आणि शब्द एका पुस्तकात बसवायला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातली प्राध्यापिका आणि पुण्याचा डॉक्टर लागला, आणि अब्बींच्या भाषा-नोंदणीला पैसा लंडनहून आला. या खात्यांत विद्वान नाहीत असं कोण म्हणेल? त्यांनी अंदमानवर पुष्कळ काम केलं आहे. पण एका कपाटात कातडी, दुसऱ्यात पानं, तिसऱ्यात माणसांची मापं, असा आपला सरकारी संसार आहे.

हे वेगळ्या पद्धतीनं होऊ शकतं, हे पापुआ न्यू गिनीनं दाखवलं आहे. त्या एका देशात आठशेहून अधिक भाषा आहेत. १९७१ साली ग्रीनबर्ग या अमेरिकन पंडितानं अंदमानी आणि पापुआच्या भाषा एकाच कुळातल्या असल्याचा सिद्धांत मांडला. बहुतेकांनी तो मानला नाही, तेव्हा तो नात्याचा भाग सोडून देऊ. कामाचा भाग घेऊ. तिथल्या डोंगरात कलाम नावाचे लोक राहतात. राल्फ बुल्मर हा मानवशास्त्रज्ञ त्यांच्याकडे प्राण्यांची नावं गोळा करायला गेला आणि त्याला कळलं, की आपण ज्याला माहिती विचारतो आहोत तो साएम मजनेप नावाचा तरुण आपल्यापेक्षा चांगला निसर्ग-अभ्यासक आहे. १९७७ साली त्यांचं 'बर्ड्स ऑफ माय कलाम कंट्री' आलं. पुस्तकाच्या नावातलं 'माय' मजनेपचं आहे, आणि लेखक म्हणून त्याचं नाव बुल्मरच्या आधी आहे. त्यात मजनेप सांगतो आणि बुल्मर पुस्ती जोडतो. दोघांचे आवाज वेगळे ठेवले आहेत, कुठे सरमिसळ नाही.

कलाम लोक कॅसोवरी या माणसाएवढ्या उंच, न उडणाऱ्या पक्ष्याला पक्ष्यांत धरत नाहीत. त्याचा वर्ग स्वतंत्र. उलट वटवाघळं पक्ष्यांच्या घरात. बुल्मरनं १९६७ साली यावर एक आख्खा निबंध लिहिला. उंच डोंगरावर केवड्याच्या जातीच्या झाडाची फळं काढायला जाताना किंवा कॅसोवरी शिजवताना हे लोक रोजचे शब्द वापरतच नाहीत, त्या कामापुरता वेगळा शब्दसाठा असतो. खेड्यातल्या ओट्यावर बसून, हातात प्रश्नावली धरून विचारणाऱ्याला तो साठा कधी कळेल?

पण तिथंही उतरण लागली आहे. आल्फ्रेड किक हा त्याच देशातला संशोधक. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३९२ भाषांच्या घरांतल्या सहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांची पाहणी केली. २०२१ साली ती प्रसिद्ध झाली. आईवडिलांपैकी ९१ टक्के आपली भाषा अस्खलित बोलत होते, मुलांपैकी ५८ टक्के. पक्षी आणि झाडं ओळखण्याचं ज्ञानही भाषेबरोबर घसरलेलं. एका पिढीत. त्याच वर्षी दुसऱ्या दोन संशोधकांनी तीन प्रदेशांतल्या २३६ भाषांमधले औषधी वनस्पतींचे उपयोग तपासले. त्यांतले पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक उपयोग फक्त एकेकाच भाषेत माहीत असलेले निघाले. शेजारच्या भाषेला ते ठाऊक नाहीत. म्हणजे एक भाषा गेली तर दुसरी ते भरून काढेल, हा भरवसा खोटा.

मात्र भाषा टिकली म्हणजे ज्ञान टिकलं, असंही नाही. याचा दाखला मला पापुआत शोधावा लागत नाही, मटियाबुर्जच्या बिचाली घाटावर मिळतो. तिथल्या एका म्हाताऱ्या माझीशी, म्हणजे नावाड्याशी, माझी ओळख आहे. डोक्याला गमछा, तोंडात विडी, गुडघे दुखतात अशी कायमची तक्रार. हुगळीला भरतीची भिंत येते, तिला इथं बान म्हणतात. भाद्रपद-आश्विनातल्या मोठ्या उधाणाचा बान सर्वांत दांडगा. गोदीवाले त्याच्या वेळा छापून काढतात. माझी कागद बघत नाही. एकदा त्याच्याबरोबर घाटाच्या पायरीवर बसलो होतो. नदी उताराला, अगदी शांत. बोलता बोलता तो गप्प झाला, विडी फेकली, गुडघ्याची तक्रार विसरून होडीत उडी मारली आणि वल्हवत सरळ मधल्या धारेला गेला. माझ्यासारख्या नवख्याला वाटेल, लाट येणार तर माणसानं किनारा गाठावा. पण बान फुटतो तो उथळ काठावर. काठाला बांधलेली होडी पायऱ्यांवर आपटून फुटते आणि खोल धारेत तिला नुसता उचंबळा बसतो. तो मध्ये जाऊन नाक लाटेकडे करून थांबला. थोड्या वेळानं खालच्या अंगानं लोक ओरडायला लागले, "बान आसछे!" पाणी आलं, होडी वर उचलली गेली, खाली बसली. परतल्यावर मी विचारलं, "दादा, आपल्याला कळलं कसं?" त्यानं पाण्याकडे बोट केलं. त्याला जे दिसलं ते मला आजही दिसत नाही. आणि सत्तावीस कोटींच्या आसपास माणसं बोलतात त्या बंगालीला काही धोका नाही. माझीचा मुलगा तीच बंगाली बोलतो, मोटारसायकलवर जेवणाची पार्सलं पोचवतो आणि नदी पुलावरून बघतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की नोंद करायची तर कामाच्या जागी, कामाच्या दिवसांत करा. स्टुडिओतला माईक आणि शंभर शब्दांची यादी यांनी फार तर उच्चार हाती लागेल.

आता बुलडाणा. जळगाव जामोदच्या परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याला सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, अंबावारा, वसाली अशा गावांत निहाली नावाची भाषा बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजार. ही मराठीची बोली नाही, शेजारच्या कोरकूचीही नाही. कोरकू, मराठी, हिंदी, द्राविडी यांतून घेतलेले शब्द बाजूला काढले तरी जवळपास चतुर्थांश शब्द जगातल्या कुठल्याच भाषेशी जुळत नाहीत, असं डच पंडित कायपर यांनी १९६२ साली मांडलं. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात, आपल्याच एका जिल्ह्यात, एकटी, बिनकुळाची भाषा आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात १९०६ सालीच तिची नोंद झाली. १९५७ साली तिच्यावर टिपणं प्रसिद्ध केली ती कोलकात्याच्या मानवशास्त्रीय सर्वेक्षणातल्या सुधिभूषण भट्टाचार्य यांनी. अलीकडे डेक्कन कॉलेजच्या शैलेंद्र मोहन यांनी तिचं व्याकरण आणि ध्वनिमुद्रण यांवर काम केलं. दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषेचं नाव जनगणनेच्या तक्त्यात वेगळं छापत नाहीत, म्हणून निहाली सरकारी आकड्यांत दिसत नाही. अशा छोट्या भाषांसाठी केंद्राची योजना २०१३ पासून म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेमार्फत चालते. पहिल्या टप्प्यात ११७ भाषा घेतल्या होत्या.

तेव्हा भाषाशास्त्रानं निहालीला वाऱ्यावर सोडलं आहे असं नाही. उणीव दुसरीकडे आहे. ही गावं अंबाबरवा अभयारण्याच्या, पर्यायानं मेळघाटच्या शेजारची. मोह, तेंदू, डिंक, मध, मासे, कंद यांवर जगलेली माणसं आहेत ही. त्यांच्या भाषेत कोणत्या पक्ष्याला काय म्हणतात, कोणते दोन पक्षी ते वेगळे धरतात आणि कोणते एकात, कोणत्या पक्ष्याच्या ओरडण्यावरून कशाचा अंदाज बांधतात, याचं पुस्तक कुठे आहे?

याच सातपुड्यातल्या रानपिंगळ्याची हकिगत आठवा. १८८४ नंतर शास्त्रज्ञांच्या लेखी तो नाहीसाच झाला होता. मधल्या काळात माइनर्ट्‌झहागेन नावाच्या एका नामवंत इंग्रजानं संग्रहालयातला जुना नमुना चोरून, त्यावर १९१४ची खोटी चिठ्ठी लावून सगळ्यांना चुकीच्या जागी शोधायला लावलं. शेवटी १९९७ साली पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ दिसला. ११३ वर्षं! त्या सबंध काळात पिंगळा तिथंच होता आणि भिल्ल, कोरकू, निहाल हेही तिथंच होते. साहेबाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला गेला. त्या डोंगरातल्या माणसाला त्याच्या भाषेत, "हे दोन पिंगळे एकच की वेगळे?" एवढं विचारायला कितीसा खर्च आला असता?

असं विचारणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. मारुती चितमपल्ली वनखात्याची नोकरी करताना गोंड, माडिया, कोरकू माणसांच्या मागे जंगलात हिंडले, नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांना गुरू मानलं आणि पक्ष्यांची नाना भाषांतली नावं जमवून पक्षिकोश केला. २०२५च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा अग्रलेख आले, आठवणी आल्या. पण हे काम एका माणसाच्या निवृत्तिवेतनावर आणि हौसेवर किती दिवस चालायचं? अंदमानच्या पुस्तकातही तेच. पुण्याच्या डॉक्टरनं वेळ काढला म्हणून झालं.

सरकारकडे या कामाचा रकाना आधीच तयार आहे, ही यातली गंमत. २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक-जैवविविधता नोंदवही आवश्यक केली. हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातल्यावर देशभर वह्या भराभर भरल्या गेल्या. त्या वहीत 'स्थानिक नाव' असा रकाना असतो. तिथं मराठी नाव लिहिलं की रकाना भरला, वही पूर्ण झाली, अहवाल गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी स्थानिक नाव म्हणजे मराठी नाव, हे कुणी ठरवलं?

माझी मागणी त्या मोजक्या गावांपुरतीच आहे. तिथली नोंदवही नव्यानं करा, निहालीत करा, मराठी तिच्या शेजारी लिहा. वर्षभर करा, म्हणजे मोहाच्या दिवसांतली नावं मोहाच्या दिवसांत आणि पावसातली पावसात मिळतील. सोबत एक पक्षी जाणणारा, एक झाडं जाणणारा आणि एक भाषा जाणणारा असू द्या. डेक्कन कॉलेज, जैवविविधता मंडळ आणि मेळघाटची वनकचेरी यांना एका टेबलाशी बसवायला मंत्रालयातून एक पत्र पुरे. ज्या गोष्टी गावकऱ्यांना बाहेर सांगायच्या नसतील, विशेषतः औषधं, त्या वगळायचा अधिकार त्यांचा राहू द्या. पापुआत काय, इथं काय, जडीबुटीची माहिती नेऊन कुणीतरी पेटंट घेण्याची भीती खरीच आहे.

भाषाशास्त्रज्ञ म्हणतील, आधी व्याकरण पूर्ण होऊ द्या. वनाधिकारी म्हणतील, अभयारण्यात रात्री थांबायची परवानगी कोण देणार. आणि एखादा तलाठी खासगीत सांगेल, की साहेब, त्यांच्या पोरांना ही भाषा नकोच आहे, त्यांना मराठी हवी, नोकरी हवी. हे शेवटचं खरं आहे आणि त्यात पोरांचं काही चुकत नाही. दाभोळची बोली मीही बोटीवर चढताना किनाऱ्यावर ठेवली होती. पण ज्या भाषेतल्या ज्ञानाला आपण छदामही देत नाही ती पोरांनी कशासाठी धरून ठेवायची? वन्यजीव-गणनेला वाटाड्या लागतो तेव्हा आपण त्याला रोजंदारी देतो, कारण त्याचे पाय हवे असतात. त्याच्या डोक्यात जे आहे त्याला दर लावलेला नाही.

जळगाव जामोद दूर नाही. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणाऱ्या गाड्या शेगावला थांबतात. गजानन महाराजांच्या दर्शनाला तिथं रोज हजारो मराठी माणसं उतरतात, आणि ही गावं तिथून रस्त्यानं तास-दोन तासांवर आहेत. कुवरदेवातल्या ज्या आजीला पन्नास पक्षी आवाजावरून ओळखता येत असतील, तिला विषयतज्ज्ञाचं मानधन द्या, कॉलेजातल्या प्राध्यापकाला पाहुणा म्हणून बोलावल्यावर देता तेवढं. पुस्तक निघेल तेव्हा मजनेपसारखं तिचं नाव मुखपृष्ठावर आधी छापा. या दोन गोष्टी लेखी ठरल्या, तर बाकीचं भाषावाले आणि पक्षीवाले आपसांत भांडून ठरवतील.